सारथी

लुर्दीन टीचरने शाळेची दुर्बीण
पाळीच्या सड्यावर मांडली, एका पायाखाली चिऱ्याचा तुकडा सरकवून,
आणि म्हणाली, उत्तरेकडे बघा, मान बरीच वर करून.
तो पिवळसर, ठळक, ते ब्रह्महृदय.
तो धरून पाच ताऱ्यांचं वाकडं कुंपण: सारथी.

सारथी म्हटल्यावर पोरं हसली.
झिलू माजीक तिथेच बसला होता, कानटोपी घालून,
बावीस वर्षं टिपर चालवलेला,
पाळी ते आमोण्याचा धक्का, धक्का ते पाळी.
शेवटची सहा वर्षं मी त्याचा क्लीनर.

रथ कुठे दिसत नाही, एक पोरगी म्हणाली.
रथ नाहीच, टीचर म्हणाली, नुसता सारथी.
खांद्यावर शेळी, हातावर तिची करडं.

झिलूचा रथ परसात आहे.
चाकं विकली, चार चिऱ्यांवर उभा,
बॉनेटवर वालाचा वेल.

आणि शेळी मला आठवली.
वेळग्याच्या वळणावर, मे महिना,
पुढे चाळीस ट्रक, मागे चाळीस,
ही रस्त्यातच व्यायला बसलेली.
झिलूने हँडब्रेक ओढला. मागून हॉर्न, आयमाय काढणं.
मग माझ्या मांडीवर दोन ओली करडं,
त्याच्या पायाशी शेळी, क्लचला अडून.
त्या दिवशी एक खेप कमी. मालकाने पैसे कापले.
कोठंबीला पोचेपर्यंत करडं लाल झाली होती.

टीचर सांगत होती:
ब्रह्महृदयाला चिकटून जे करडू आहे ना,
ते सत्तावीस वर्षांतून एकदा मंदावतं.
धुळीची एक प्रचंड थाळी त्याच्यासमोरून जाते,
जवळजवळ दोन वर्षं जातच राहते.
मागच्या वेळी नऊच्या ऑगस्टपासून अकरापर्यंत.

नऊ ते अकरा.
तेव्हा आम्ही दिवसाला आठ खेपा मारायचो.
फणसाच्या पानांवर, खुरसाच्या हातांवर,
खळ्यात वाळत घातलेल्या सोलांवर,
झिलूच्या बायकोने धुवून परत धुतलेल्या धुतल्यावर
तीच.
चंद्र उगवायचा तोसुद्धा जांभ्याचा.
वर एक करडू अंधुक झालंय
हे पाळीत कुणाला कळणार होतं?

झिलूने पहिल्यांदा तोंड उघडलं:
आनी ती खण कोणाची?

टीचर हसली नाही. विचार करून म्हणाली,
धुळीच्या आत काय आहे ते अजून नीट ठाऊक नाही.
अंतरसुद्धा नक्की नाही.

म्हणटकीर कागदां नात, झिलू म्हणाला.

मग तिने नळी थोडी वळवली. तारकागुच्छ:
छत्तीस, सदतीस, अडतीस.
नावं नाहीत, नुसते आकडे, आमच्या गाड्यांसारखे.
सदतीस बघायला मी वाकलो.
आधी काचेवर श्वास साचल्यासारखं काहीतरी.
मग नजर जरा बाजूला घेतली,
आणि ते दाणेदार झालं,
मधोमध एक नारिंगी.

झिलूने आझिलोत ऑपरेशन केलेला डोळा लावला.
खूप वेळ लावला.
मागे पोरांची रांग चुळबुळत होती.
दोनशें तरी आसतले, तो म्हणाला,
घाटावरून खालची लाईन मोजावी तसा.

परत कधी? एका पोराने विचारलं. ते करडू?
छत्तीस साली, टीचर म्हणाली.
झिलूने बोटांवर काहीतरी मोजलं
आणि बोटं शालीत घेतली.

उतरताना खाणीच्या कडेने आलो.
खाली खड्ड्यात पाणी, किती खोल कुणी मापलेलं नाही.
त्यात ब्रह्महृदय होतं, हलत नव्हतं.
सांबाळ, तो मला म्हणाला, हांगा वळण आसा.
वळण होतं. रस्ता गेलाय.

त्याला घरी सोडला, परसातून निघताना
टिपरच्या दारावर माझा हात पडला, दोन थापा,
पूर्वीच्या सवयीने: साईड मोकळी, येऊ दे.
पत्रा वाजला.
वालाच्या शेंगा हलल्या.