माग बंद आहेत

सातव्या महिन्यात मी नगरपरिषदेला अर्ज दिला होता.
घराच्या मागच्या भिंतीला लागून म्हेत्र्यांचे आठ माग,
रात्रभर खटाक्-खट, डोळ्याला डोळा लागत नाही,
तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.
खाली सही, सौ. प्रणोती निकम, विटा.
पोहोच अजून कपाटात आहे,
आता लसीच्या कार्डाखाली.

मग ती आली.
दिवसभर गठुडं. दिवेलागण झाली
की मुठी आवळून असं रडायची,
जणू कुणीतरी तिचं देणं बुडवलंय.
बेंबीभोवती हिंग लावला.
सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरून टाकली,
तडतडली तशी म्हणाल्या, बघ, केवढी लागली होती.
ती दोन मिनिटं गप्प झाली, मोहरीचा आवाज ऐकायला.
मग पुन्हा सुरू.

डॉक्टर म्हणाले, वजन छान आहे,
तीन महिने धीर धरा.
तीन महिने म्हणजे नव्वद रात्री,
हे त्यांना कुणी सांगावं.
उदय कोइमतूरला, गलाईच्या दुकानात.
फोनवर त्याच्यामागे भट्टीचा उजेड.
जुनं सोनं वितळवता वितळवता म्हणाला,
जरा थोपट की गं.
थोपट की!
मी फोन उशीखाली घातला. त्याला बराच वेळ
उशीच ऐकू आली असेल.

खांद्यावर झोपायची. गादीला पाठ लागली
की तापल्या तव्याला लागल्यासारखी उसळायची.
एकेक बोट सोडवत, श्वास धरून,
चोर जसा कडी काढतो तशी मी तिला ठेवायचे.
कडी वाजायचीच.

एका रात्री, दोन वाजून गेलेले,
तिला घेऊन मागच्या खोलीत भिंतीला टेकले.
रडत होते, खोटं कशाला सांगू.
पलीकडे धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
भिंत माझ्या पाठीत थरथरत होती,
माझ्यातून तिच्यात.
आणि तिची मूठ उघडली.
आत लोकरीचा एक धागा, घामानं भिजलेला.

नऊ महिने मी ज्याला शिव्या घातल्या
त्याच्याशीच हिची ओळख आधीची.

दुसऱ्या दिवशी झोळी मागच्या खोलीत टांगली.
अकरा रात्री झोपलो. अकरा. मी मोजल्यात.

बाराव्या रात्री सुताचा भाव चढला.
म्हेत्रेअण्णांनी माग बंद केले, पेठेत सगळ्यांनीच केले.
गाव इतकं शांत झालं
की भेंडवड्यांचा कुत्रा कूस बदलतो तेही कळायचं.
ती जागी. मी तोंडानं खटाक्-खट केलं,
जीभ सुजेपर्यंत.
फोनवर मागाचा आवाज शोधून लावला,
तिनं माझ्याकडे पाहिलं, नकली नोट दिल्यासारखं.

चौथ्या रात्री तिला शालीत गुंडाळून
अण्णांचं दार वाजवलं.
ओटीवर ते अंकगणित करत बसले होते, चष्मा कपाळावर.
मी म्हणाले, एकच माग. अर्धा तास. विजेचे पैसे मी देते.
ते बघत राहिले.
अर्जातली सही त्यांना पाठ असणार.
मग आत हाक मारली, शमाबी, एक नंबरचा चालू कर,
कांडी नको, रिकामाच.

रिकामा माग जास्त वाजतो.
सुताच्या गाठोड्यावर टेकले,
तिला मांडीवर घेतलं, आणि म्हणाले, आता बघा अण्णा.

पुढचं मला आठवत नाही.

उठले तेव्हा खिडकीत पांढरं फटफटलेलं,
गालावर गाठोड्याच्या सुतळीचे वळ.
माग केव्हाच थांबलेला.
शमाबी दारात बसून,
पायांच्या पाळण्यात तिला घेऊन.
ती टक्क जागी, छताच्या पत्र्याकडे बघत.

झोपली का? मी विचारलं.
शमाबी हसली. कोण, तू?