शेकडा एक

अर्जात एक रकाना होता : शिक्षण घेण्याचे कारण.
मी लिहिलं, बढती.
तेव्हा ते खरं होतं.

रविवारी नऊ ते दोन, सिडकोतली महापालिकेची शाळा.
बाकं चौथीच्या पोरांच्या मापाची,
आमचे गुडघे वर, पोटं टेकलेली,
फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच.
सतरा जण, कला शाखा, दुसरं वर्ष.
पेठकडचे काशिनाथ भोये, एटीएमची रात्रपाळी उरकून
रखवालदाराच्या शर्टातच आलेले.
वडाळा नाक्याच्या नसरीन आपा, शिवणाने खरबडलेली बोटं.
आणि मी, व्हॉल्व्हच्या तोंडात गेज घालणारा.
जाईल ते पास, अडकेल ते रद्द,
एकोणीस वर्षं.

आहेर साहेब म्हणाले, ग्रेडला बी.ए. चालत नाही.
आणि वर हसून :
इतिहास शिकून काय, पगार, मेलेल्यांची हजेरी घेणार?
आडनाव पगार आणि पगार वाढत नाही,
हा विनोद अंबडमध्ये जुना आहे.
मीही हसलो. घरी सांगितलं नाही.
फी भरलेली होती, म्हणून पुढच्या रविवारी गेलो.
एवढंच. मोठं कारण नव्हतं.

त्या दिवशी देवरे मॅडमनी वर्ग पांडवलेण्यांत नेला.
तो डोंगर मला कंपनीच्या बसमधून
जाताना डावीकडे, येताना उजवीकडे,
इतकाच ठाऊक.
भोये पायऱ्यांवरही पेंगत होते.
आत गारवा, वटवाघळांचा वास.
मॅडमनी भिंतीवरून बोट नेलं, न टेकवता,
एकेक अक्षर सोडवत :
दोन हजार कार्षापण, विणकरांच्या श्रेणीकडे ठेव,
मुद्दल मोडायचं नाही,
व्याज महिना शेकडा एक,
त्यातून इथल्या भिक्षूंना वस्त्रं.

नसरीन आपांनी पिशवी खाली ठेवली.
राजाचा जावई? पैसे ठेवायला? विणकरांकडे?
त्यांची पत होती, मॅडम म्हणाल्या.
आपा बराच वेळ भिंतीसमोर.
मला शिलाई मशीनला बँकेने दोन जामीन मागितले होते, म्हणाल्या.
आणि मग, हिशोबी आवाजात :
एक टक्का बरा आहे. आमच्या भिशीत दोन पडतात.

गाव कुठलं लिहिलंय, मी विचारलं.
गोवर्धन.
म्हणजे गंगापूरच्या पुढचं?
तेच मानतात.
माझी सासुरवाडी!
जिथे दर दिवाळीला मी डास मारत
मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचं कौतुक ऐकलं,
ते गाव इथे दगडात,
एकोणीसशे वर्षं,
आणि मी रोज खालून डबा घेऊन जात होतो.

मला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही.
बढती झाली नाही. गेज तेच.
फक्त एखादा तुकडा अडकला
की रद्दच्या पेटीत टाकण्याआधी
उलटा करून बघतो, कुणाच्या हाताखालून आला.

परीक्षेत टीप आली, श्रेणी, पाच गुण.
मी चार पानं लिहिली. तीन मिळाले.

परवा दुसऱ्या पाळीच्या बसमध्ये
शेजारी नवा पोरगा, आयटीआयचा, कानात वायरी.
डोंगर आला.
वर एक पावती आहे, मी म्हणालो, ठेवीची.
त्याने एक कान मोकळा केला.
कुणाची?
पाथर्डी फाट्याचा सिग्नल लांबला होता.
मी सांगत गेलो. हिरवा पडला, गाडी हलली,
त्याने दुसरीही वायर काढली :
मुदत किती वर्षांची होती?