साडेएक्क्याण्णव

स्क्रँटनच्या या घराखाली कोळसा होता,
आता नुसती पोकळी.
म्हणून इथे काटकोन कुणी गृहीत धरत नाही.
थिओडोरा वास्को कोपऱ्यात गुण्या टेकवते,
फटीतून उजेड येतो, बोटभर नाही,
पण नखभर नक्की.
"बघ," म्हणते, "भिंती एकमेकींवर रुसल्यात."

मी तिच्या हाताखाली. तीन महिने झाले.
छताची पट्टी उलटी धरून कापायची असते:
छताकडची कड खाली, भिंतीकडची वर,
डावं ते उजवं. डोकं गरगरतं.
सकाळपासून पॉपलरचे दोन तुकडे वाया,
दाराशी उभे राहून माझ्याकडे बघतायत.
ती रागावली नाही.
फुटाचा भाव सांगितला फक्त.

जुनी पट्टी उचकटली तेव्हा
मागच्या गिलाव्यावर पेन्सिल निघाली.
कुणाचे तरी आकडे, एक बेरीज चुकलेली,
खाली: साडेएक्क्याण्णव अंश. सप्टेंबर १९३१.
त्याच्याखाली, बारीक अक्षरात:
अजून पैसे नाहीत.

थिओडोरा शिडीवर बराच वेळ थांबली.
मग कोनमापक उघडलं.
त्र्याण्णव.

दीड अंश.
एवढ्या वर्षांत इथे माणसं जेवली, भांडली,
रेडिओच्या आवाजात झोपी गेली,
आणि घर दीड अंश कललं
कुणाच्या कपातली कॉफी न हिंदकळता.

दोन्ही पट्ट्या निम्म्या निम्म्या कोनात कापायच्या नाहीत,
घर हललं की सांधा तोंड वासतो.
एक सरळ भिंतीला भिडवायची.
दुसरीचं टोक पहिलीच्या वळणावर
बारीक करवतीने कोरून काढायचं,
मागून भरपूर खायचं,
पुढे नुसता ओठ ठेवायचा.
ती कानस फिरवते. लावते. काढते.
भुवईवर भुसा. पुन्हा कानस.
आठव्यांदा टक् असा आवाज येतो
आणि मला काय ऐकायचं असतं ते कळतं.

ठोकायच्या आधी तिने पेन्सिल दिली.
"लिही, त्र्याण्णव."
मी त्या जुन्या अक्षराखाली लिहिलं, तारीख घातली.
"आपले पैसे आले?"
"अर्धे."
"लिहू?"
"मग काय! मापात पाप नको."

खालून मिस्टर ग्वाल्टिएरी ओरडले,
सरळ बसली का?
थिओडोराच्या ओठांत दोन खिळे.
ते काढून ती म्हणाली,
"सरळ नाही. घराला पटली."

अजून तीन कोपरे राहिलेत.