तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

जानेवारीत रीगाला उजेड मिळतो तो उसना,
नऊला हातात पडतो, चारच्या आत परत मागितला जातो.
आमच्या जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे,
जिथली खिडकी रंगाच्या थरांनी कायमची चिकटली आहे,
तिथे एक रबराचं झाड उभं होतं.
कुणाचं, विचारू नका.
सतरा नंबरवाले आयर्लंडला गेले,
सोफा विकला, मांजर बहिणीला दिलं,
आणि झाड जिन्यात ठेवलं.

पिवळं पडलं ते आधी खालचं पान.
म्हटलं, पिकलं असेल.
पिकलेलं पान एकटं जातं, सावकाश,
जाताना हलकं होऊन.
पण आठवड्यात चार गेली,
मऊ, जड, भिजल्या पुठ्ठ्यासारखी,
आणि एक तर कोवळं,
ज्याचं लाल म्यान अजून पुरतं गळलंही नव्हतं.

तहान असणार, दुसरं काय?
रात्रपाळी संपवून सहाला जिना चढताना
बाटलीत उरलेलं पाणी मी तिथे ओतायची.
रोज. कुणाला न सांगता.
सांगण्यासारखं त्यात होतं काय.

मग एका पहाटे
कुंडीखालच्या बशीतून सांडलेल्या पाण्यावर
माझाच पाय घसरला.
घोटा धरून पायरीवर बसले, अंधारात,
कळ ओसरायची वाट बघत.

साडेसहाला वरून इमांट्स उतरला,
हातात किटली, रात्रीचा गार चहा.
ओतला, पानाला दोन बोटं लावली,
आणि वळला तर समोर मी.
"वेल्टा? मी फक्त..."
तो वाक्य शोधत होता तेवढ्यात
झिनाईदा मार्कोव्हना आली, अंडी उकडलेलं पाणी घेऊन,
आणि तिच्या मागून तळमजल्यावरचा नीक्लाव्स,
दप्तर पाठीला, मग ओठांपर्यंत भरलेला.

कुणीच काही बोललं नाही.
बशीतलं पाणी जिन्यावरून
थेंब थेंब खाली जात होतं.

अति तिथे माती, म्हणतात.
मातीचंच अति झालं की काय होतं
ते त्या रविवारी हुंगलं,
झिनाईदाच्या स्वयंपाकघरात, जुन्या वर्तमानपत्रावर.
कुंडी पालथी केली, आणि बंद तळघराचा वास आला.
मुळं काळी. ओढली की साल
मोज्यासारखी हातात येई, आत नुसता दोरा.
पाण्यात उभं राहून ते झाड
महिनाभर गुदमरत होतं,
आणि आम्ही चौघं त्याला पाणी पाजत होतो.

नर्स मी, कात्री माझ्याकडे आली.
काळं ते सगळं कापलं. जे टणक होतं,
मुठीत मावेल एवढं, ते ठेवलं.
इमांट्सने दारापुढच्या बर्फावर टाकायची वाळू आणली,
मीठ न मिसळलेली, त्याने चाटून खात्री केली.
हेरिंग माशांची रिकामी बादली, लहानशी,
तापल्या खिळ्याने बुडाला सात भोकं.
मोठी कुंडी नको, मी म्हटलं,
एवढ्याशा मुळांना एवढी ओल पिऊन संपत नाही.
आणि त्या गार काचेपासून दूर,
झिनाईदाच्या दक्षिणेच्या खिडकीत, पण हीटरच्या वर नाही.

"ही पानं हिरवी कधी होणार?" इमांट्स.
"होत नाहीत. पिवळं झालेलं पान परत फिरत नाही.
पुढचं आलं तर हिरवं येईल."
तो बराच वेळ पानांकडे बघत राहिला.
त्याची बायको ऑक्टोबरात माझ्याच वॉर्डात होती.

"मग आता काय करायचं?" नीक्लाव्सने विचारलं.
काही नाही.
बोट दोन पेरं आत घालायचं.
ओलं लागलं तर हात धुऊन घरी जायचं.

हे सगळ्यांत अवघड गेलं.
फेब्रुवारीभर किटली, मग, बाटली
आपापल्या घरी अस्वस्थ बसून.
जिन्यात झाड नव्हतं, तरी साडेसहाला
आम्ही त्या कोपऱ्याशी जरा थांबायचो,
बूट घट्ट केल्यासारखं करायचो.
तिथेच मला कळलं, नीक्लाव्सला भूमिती येत नाही,
आणि झिनाईदाचा मुलगा फोन करत नाही.

अजून तीन पानं गेली. मोजली मी.
मग एप्रिलच्या शेवटी शेंड्याला
लाल काहीतरी, टोकदार, गव्हाच्या दाण्याएवढं.

"थोडं पाणी घालू का?" झिनाईदा म्हणाली.
आणि चार बोटं एकदम
बादलीतल्या मातीत शिरली.
ओली होती.