चार मिनिटं शिल्लक

गंगापूर रोडला, केकच्या दुकानावर दुसरा मजला.
लिफ्ट बंद असली की गिऱ्हाईक घामाघूम होऊन येतं,
मग आधी टॉवेल,
मग उजेड.

निळा मुरुमांना, लाल सुरकुत्यांना.
मॅडम सांगतात तसंच मी सांगते,
'फरक पडतो, पण हळूहळू,'
आणि तो 'हळूहळू' जरा लांबवते,
कारण पॅकेज दहा बैठकांचं आहे.

मंगळवारी शेवटच्या वेळेला कुमुदिनी गायधनी येतात,
नाशिकरोडहून, दोन रिक्षा बदलून.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होत्या.
काम काय, तर बघणं.
पसरलेली शाई, सरकलेली कड,
कोऱ्या कागदावर केसाएवढा डाग.
'दिवसभर दोषच बघायचे गं,
घरी आल्यावर ह्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही.'
आता ते गेले, नोकरी संपली,
बघायची खोड तेवढी उरली,
आणि समोर एकच आरसा.

मी त्यांना काळा चष्मा चढवते,
पोरं पोहायला घालतात तसला.
मास्क खाली ओढते. बटण दाबते.
पांढरे केस जास्वंदी होतात.
'भाजेल का?'
हे दर मंगळवारी.
'नाही हो. ह्यात ऊन नसतं.'

ऊन नसतं म्हणताना
मला अण्णा दिसतात, अंबडच्या शेडमध्ये,
एका हातात काळी काच, दुसऱ्या हातात होल्डर,
दुनियेची ग्रिलं आणि गेटं जोडताना.
शर्टाचं वरचं बटण तुटलेलं असायचं
तिथली कातडी आधी लाल, मग काळी,
मग कांद्याच्या टरफलासारखी सुटायची.
रात्री डोळ्यांत वाळू.
आई मिटल्या पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची
आणि दुसऱ्या दिवशी डब्यात बटाटा निघाला
की आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो.

त्या उजेडाचे अण्णांना दिवसाला दीडशे मिळत.
ह्या उजेडाचे लोक वीस मिनिटांना बाराशे देतात.
मी हिशेब मांडत नाही.
तो आपला आपणच मांडला जातो,
मी रुईचा बोळा भिजवत असताना.

काल सहावी बैठक.
चार मिनिटं उरलेली असतानाच बाई उठल्या,
खाली जावई गाडी घेऊन थांबला होता.
मी आरसा दिला.
त्यांनी तो बाजूला ठेवून
माझ्याच हनुवटीला बोट लावलं,
तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं,
नोट धरतात तसं, थोडं तिरकं.
उजव्या गालावरचे माझे कॉलेजातले खड्डे
एकेक करून पाहिले.
मला वाटलं आता काहीतरी सांगतील,
हळद, दही, नाहीतर देवाचं.
'चालेल,' म्हणाल्या.
आणि चपला शोधायला वाकल्या.

त्या गेल्यावर मशीन तसंच सुरू होतं.
कर्मचाऱ्यांना निम्म्या दरात आहे,
पण दोन वर्षांत मी कधी खाली झोपले नाही.
कालही नाही.
नुसता हात धरला.
बोटांच्या कडा पेटल्यासारख्या झाल्या, ऊब मात्र नावाला.
लाइट गेली की अण्णा
बॅटरीच्या काचेवर माझा पंजा ठेवायचे:
'बघ, आत केवढा दिवा आहे.'
मला त्यात फक्त रक्त दिसायचं,
आणि मी रडायचे.

खाली केकवाल्याने शटर ओढलं.
टायमरवर दोन मिनिटं, अकरा सेकंद.
पैसे भरलेले होते.
मी हात काढला नाही.