सूचनावही

नव्या स्टेडियमबद्दल आपापलं म्हणणं
एका ओळीत लिहा, असं समितीने कळवलं.
वही माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर बरं,
आणि सामन्यात मी कधी उठून ओरडत नाही.

शिवडी डॉक स्पोर्टिंगची माणसं
एका ओळीत मावत नाहीत.

अनसूया तांडेल म्हणाली, बायकांचा संडास.
लिही, आणि आतून कडी लागणारा, असं लिही.
अठ्ठावीस वर्षं मी सामन्याच्या दिवशी पाणी पीत नाही,
घसा कोरडा पडतो,
रेफ्रीपर्यंत शिव्या धड पोचत नाहीत.

हमीद मुकादमला छप्पर हवंय,
पण गोदामांकडच्या बाजूला नको.
त्या दोन गोदामांच्या फटीतून
साडेचारनंतर वारा येतो
आणि डावीकडचा कॉर्नर आपोआप आत वळतो.
बाहेरून आलेल्या गोलकीपरला हे ठाऊक नसतं.
आर्किटेक्ट हसला. वारा नकाशात दाखवता येत नाही, म्हणाला.
हमीदने त्याच्याच पेन्सिलीने बाण काढून दिला.

पोरांना मोठा पडदा पाहिजे, गोल परत बघायला.
पेणकर मास्तरांचा सक्त विरोध.
गोल परत दिसायला लागला
तर टपरीवर भांडायचं कशावरून?
तो ऑफसाइड होता की नव्हता,
एवढ्या एका प्रश्नावर
त्यांची नि त्यांच्या मेव्हण्याची
एकोणीस वर्षांची ये-जा टिकून आहे.

खुर्च्या नकोत, उभं राहू,
असं बावीस जणांनी लिहिलं.
खुर्च्या हव्यात,
असं त्याच बावीस जणांच्या गुडघ्यांनी.

तिकीट साठच्या वर नको.
भिजवलेले चणे बाहेरून आणू द्या.
जर्सीचा गंजका तांबडा रंग खुर्च्यांना देताना
कंपनीच्या डब्यातला लाल देऊ नका,
क्रेनच्या साखळीवर एकदा हात फिरवून या.

पत्र्याला एक भोक राहू द्या,
हे कुणी लिहिलं कळलं नाही.
सही नव्हती.
ओळ पानाच्या पार तळाशी,
पाच-सहा वर्षांच्या पोराचा डोळा
जिथे येतो तिथे.

मग एका रविवारी काचेखाली नमुना आला.
फेल्टचं गवत, चार दिवे,
आणि रांगेत चिकटवलेली नखाएवढी माणसं,
सगळी बसलेली, सगळी सरळ बघणारी.
अनसूया वाकून वाकून बघत राहिली.
हे कुणाचे सपोर्टर, तिने विचारलं,
यांच्यात कुणाचंच तोंड उघडं नाही.

रुझार आल्मेडाने वही तीनदा कोरी परत केली.
चौथ्यांदा म्हणाला, आधी नकाशा दाखव.
जुनं मैदान ठिपक्यांच्या रेषेत होतं,
नवं त्याच्यावरून जरा तिरकं सरकलेलं.
दक्षिणेचा गोल त्याने बोटाने शोधला.
तिथून बारा यार्ड, नखाने मोजत,
जसं कुणी काळोखात जिन्याच्या पायऱ्या मोजतं.

एक्याण्णवची फायनल, शेवटचं मिनिट.
तो चेंडू अजून खाली यायचाय, असं लोक म्हणतात.
बूट त्याने त्याच आठवड्यात भाच्याला दिले.
तेव्हापासून एक सामना चुकवला नाही,
फक्त त्या टोकाला कधी बसला नाही.

इथे काय येतंय?
पार्किंग, मी म्हटलं.

बाहेर कुणीतरी चेंडू पत्र्यावर मारत होतं.
एकदा, दोनदा, मग थांबलं.

लिही, म्हणाला.
वहीत एकच ओळ उरली होती,
ती मी माझ्यासाठी ठेवली होती.
त्याचं वाक्य मी तिथे जसंच्या तसं उतरवलं:

ट्रक लावा. भरलेला.