मुरतंय

एकतीस वर्षं मी हाच पूल ओलांडला
बस घेऊन, दिवसाला चौदा वेळा.
खाली ओढा आहे हे ठाऊक होतं,
पाटीवर नाव होतं म्हणून.

निवृत्त झाल्यावर मासे मोजायच्या यादीत नाव घातलं.
रबरी बूट, काठी, सुरी, ओली वही.
ऑक्टोबरात प्युजेटच्या खाडीतून कोहो सॅमन वर येतात
जन्मल्या ओढ्याकडे, अंगावर तांबूस चढवून.
तीन आठवडे कोरडे गेले, मग रात्रभर पाऊस,
आणि सकाळी माझ्या पहिल्याच मादीनं
पाण्याबाहेर तोंड काढून आ वासला,
कलंडली, दारू प्यायल्यासारखी गोल फिरली
आणि माझ्या बुटाला टेकून थांबली.

वहीत रकाना आहे: अंडी घातली का?
पोट चिरलं.
सगळी तिथंच. नारिंगी, घट्ट, एकमेकांना धरून.
'नाही' लिहिलं.
त्या दिवशी अकरा वेळा 'नाही'.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं सगळेच म्हणत होते.
कुणी गोदीकडे बोट दाखवलं,
कुणी गोल्फच्या हिरव्यागार गवताकडे.
पण मुरत कुठं होतं? तेच तर.
डांबरावरून, पार्किंगवरून, सिमेंटच्या फरशीवरून
घसरत पन्हळीत, पन्हळीतून पाइपात, पाइपातून ओढ्यात;
वाटेत त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

थुईनं सांगितलं. विद्यापीठातली, चोविशीची पोर.
टायरला भेगा पडू नयेत म्हणून
रबरात एक रसायन घालतात.
हवेतला ओझोन लागला की त्याचं भलतंच काही होतं.
ब्रेक मारला की झिजतं. काळी, बारीक पूड.

माझ्या बसला सहा टायर.
मी मनातल्या मनात हिशेब केला
आणि तो थुईला सांगितला नाही.

आता पुलाच्या खांबाशी, पन्हळ सुटते तिथं,
आम्ही एक खड्डा केलाय. बाग म्हणतात तिला;
फुलं यथातथाच.
तळाशी खडी, खडीत भोकं पाडलेला पाइप,
वर वाळू आणि कंपोस्ट कालवून हातभर थर,
त्यावर सालींचा भुगा, भुग्यातून लव्हाळे.
पाणी येतं काळं, वर तेलाचा मोरपंखी तवंग,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
त्याला रांगेत उभं राहावं लागतं.
गाळ वाळूपाशी उतरतो.
तांबं, जस्त कंपोस्ट धरून ठेवतं.
तेलावर डोळ्यांना न दिसणारे जीव जेवायला बसतात.
मुळं वाळूला बुजू देत नाहीत.
शेवटी पाइपातून टपकतं ते फिकट चहासारखं.
स्वच्छ म्हणजे बिनरंगी असं नसतं, थुई म्हणते.

तिनं दोन टाक्या मांडल्या होत्या.
एकीत पन्हळीचं पाणी, दुसरीत तेच, बागेतून आलेलं.
दोन्हींत बोटाएवढी पिल्लं.
जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्या टाकीकडे
मी पाहिलं नाही.
दुसरीतली दुसऱ्या दिवशी सकाळी खायला मागत होती.

मोठी झड आली की बाग भरून वाहते,
जास्तीचं पाणी अजून सरळ ओढ्यातच जातं.
काही वर्षांनी ही मातीही विषानं भरेल,
खणून बदलावी लागेल.
या ओढ्यात चाळीस पाइप सुटतात. त्यातला हा एक.
समोरचे बार्कविस्ट रोज विचारतात, डास होतील ना?
दिवसभरात खाली उतरतं हो, मी सांगते,
आणि तोंडाशी अडकलेली मेपलची पानं काढते,
एक स्ट्रॉ, एक हातमोजा, बसचं भिजलेलं तिकीट.

वरून सव्वाआठची जाते.
घड्याळ बघते: तीन मिनिटं उशीर.
पावसाला सुरुवात होते.
लव्हाळ्यांत पाणी चढतं, घोट्याएवढं होऊन थबकतं,
मग बुडबुडे सोडत हळूच खाली बसतं.
मुरतंय.
वाकून बघते मी, कुठं ते.